‘महारट्टा’ गाठ आणि गळ्याभोवतीची मलमल

१८१८ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये ‘नेकक्लॉथिटेनिया’ नावाची एक छोटीशी पुस्तिका निघाली. अर्धी थट्टेची, अर्धी कामाची. पुरुषांनी गळ्याभोवतीचं कापड कसं बांधावं याच्या डझनाहून अधिक तऱ्हा तीत चित्रांसकट दिल्या होत्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘महारट्टा’, दुसरं नाव ‘नबाब’. इकडे पेशवाई संपली त्याच वर्षी तिकडे आपलं नाव एका गाठीला लागलं होतं. त्या काळच्या इंग्रजीत नबाब म्हणजे हिंदुस्थानात पैसा करून मायदेशी परतलेला इंग्रज, त्यामुळे ही गाठ त्याच्या गळ्यातली, आपल्या शिलेदारांच्या नव्हे. पण तिचं वर्णन वाचलं की कळतं, ती आपल्या हवेला अगदी चपखल आहे: तलम मलमलीची, थंड, आणि पुढे ना बो ना लोंबती टोकं. तिच्याकडे येतोच. आधी कापड.

लग्नासाठी, नाटकाच्या कपडेपटासाठी किंवा परदेशातल्या एखाद्या समारंभासाठी क्रॅव्हॅट, म्हणजे हे गळ्याभोवतीचं कापड, शोधणारे बहुतेक जण गाठीपासून सुरुवात करतात. फोटो दाखवतात, ‘असाच हवा’ म्हणतात, आणि हाती येतो तो सॅटिनचा, आधीच चुण्या घालून शिवलेला, मागे इलॅस्टिक आणि हूक असलेला तुकडा. तो दोन तास बरा दिसतो. मग घामाने चिकटतो, एका बाजूला फिरतो, आणि फिरला की मागचं इलॅस्टिक कॉलरवरून डोकावतं. जुन्या पद्धतीत क्रम उलटा होता. कापडाचा पोत, मग त्याचा आकार, मग खळ, आणि या तिन्हींना झेपेल ती गाठ. हा क्रम पाळला तर नवख्या माणसालाही नीट बांधता येतं. मोडला तर आरशासमोर कितीही वेळ घालवा, बसत नाही.

क्रॅव्हॅट हा शब्द ‘क्रोएट’वरून आला. सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या क्रोएशियन शिपायांच्या गळ्यातलं कापड पॅरिसकरांना आवडलं आणि नाव चिकटलं. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत लेस आली, गेली. मागे बक्कल असलेला ताठ ‘स्टॉक’ आला. आणि १८०० च्या आसपास इंग्लंडमध्ये साध्या पांढऱ्या, खळ घातलेल्या कापडाने सगळ्यांना मागे सारलं. त्याचं श्रेय ब्यू ब्रमेल या लंडनच्या प्रसिद्ध छानछोकी माणसाला देतात. त्याची रीत नोंदलेली आहे आणि आजही उपयोगाची आहे. शर्टाची कॉलर इतकी उंच की दुमडण्याआधी तोंड झाकलं जाई, आणि गळ्याचं कापड निदान फूटभर रुंद. हनुवटी छताकडे करून तो कापड गुंडाळी, आणि मग जबडा अगदी सावकाश खाली आणी. त्या दाबाने कापडाला आपोआप ज्या चुण्या पडत, त्याच खऱ्या. बोटांनी पाडलेली चुणी कागदाच्या घडीसारखी दिसते. हनुवटीने पडलेली मानेच्या वळणाबरोबर जाते. सपाट पट्टी गुंडाळून नंतर चिमटे काढत बसणाऱ्यांना हाच फरक कळत नाही.

आता कापड घ्यायला जाऊ. मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रोड. मलमल कुठेही मिळेल, पण नुसतं ‘मलमल’ म्हणून भागत नाही. ठाण उजेडासमोर धरा. वीण सारखी दिसली पाहिजे. मधेच जाड धागे आडवे गेले असतील तर खळ तिथेच साठते आणि इस्त्रीनंतर पट्टे दिसतात. पॉलिएस्टरची भेसळ ओळखायला कडेचे दोन धागे काढून जाळून बघा: सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. भेसळीचं कापड खळ धरत नाही आणि घाम शोषत नाही, म्हणजे दोन्ही कामांतून गेलं. ताठ गाठींसाठी मलमलीपेक्षा थोडं घट्ट विणीचं केम्ब्रिक किंवा लॉन बरं. पॉपलिन नको, त्याची घडी खांद्यावर टाकलेल्या नॅपकिनसारखी फुगते.

मापाचा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. चौरस तुकडा कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा आणि त्रिकोणाची पट्टी, ही जुनी रीत. म्हणजे हाती येणारी लांबी पन्ह्याएवढी नसते, कर्णाएवढी असते. ४४ इंच पन्ह्याची मलमल आधी धुऊन आटवली, दोन्ही काठ कापून टाकले, बारीक दुमड घातली की साधारण ४२ इंचांचा चौरस उरतो. त्याचा कर्ण ५९ इंच. शर्टाच्या कॉलरवरून मानेचा घेर १७ इंच धरला, तर कापडाचा मध्य कंठावर ठेवून टोकं मागे नेऊन, मानेमागे फुली करून पुन्हा पुढे आणायला जवळजवळ ३५ इंच जातात. उरले २४, म्हणजे दर बाजूला १२. गाठीला ४ गेले तरी ८ इंचांचं टोक राहतं, छान झालं. हाच हिशेब ३६ पन्ह्यावर करा: चौरस ३४, कर्ण ४८, दर टोकाला साडेसहा इंच. त्यात त्रिकोणाची शेवटची दोन-तीन इंच टोकं निमुळती, गाठीत धरता येत नाहीत. म्हणून ३६ पन्हा इथे पुरत नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

काठ कापून टाकायचा तो यासाठी की काठाची वीण दाट असते, धुतल्यावर ती वेगळी आटते आणि कड आकसून झालर होते. दुमड हाताने, गोल वळून घालावी. इंटरलॉक किंवा पिको केलं तर कडेला दोरीसारखा उंचवटा येतो, तलम कापडाच्या थरांतून तो बाहेरूनही दिसतो आणि मानेला घासतो.

पट्टी करायची ती अशी. त्रिकोण पलंगावर पसरा, लांब बाजू तुमच्याकडे. समोरचं टोक लांब बाजूवर आणून टेकवा. उंची सुमारे ३० इंचांची १५ झाली. पुन्हा निम्मी, साडेसात. पुन्हा निम्मी, पावणेचार. बहुतेक पुरुषांच्या हनुवटीखालून कंठाच्या खळग्यापर्यंत सरळ बघताना तीन ते साडेतीन इंच अंतर असतं. पावणेचारची पट्टी हनुवटीच्या दाबाने बसून तेवढीच होते. आखूड मानेच्या माणसाने एक घडी जास्त न घालता वरची कड अर्धा इंच आत वळवावी, नाहीतर कान झाकायला लागतात. दुसरी अडचण उकाड्याची. त्रिकोण मुळातच दुहेरी आहे, त्यामुळे तीन घड्यांनी मध्यभागी १६ थर होतात, आणि मानेभोवती दोन वेढे. मेच्या लग्नात हे सहन होत नाही. उपाय जुनाच आहे: चौरस कर्णावर कापा, एकाचे दोन गळपट्टे होतात आणि थर निम्म्यावर येतात. फक्त कापलेली तिरकी कड हातात धरून ओढू नका. ती रबरासारखी ताणते आणि दुमड घातल्यावर लाटांसारखी उभी राहते. आधी तिच्यावर सैल धावदोरा घालून कड बांधून घ्यावी, मग दुमड.

तिरक्या कापाचं हे ताणणं शत्रू नाही बरं का. सरळ पट्टी मानेवर पाइपासारखी उभी राहते, तिरकी पट्टी वळणाबरोबर बसते. आजचा टाय ४५ अंशांत तिरका कापतात तोही याच गुणासाठी.

खळीबद्दल वेगळं सांगायला नको खरं तर. घरात सुती साड्यांना साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळ घातलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना अर्धं काम येतंच. पातळ खळीसाठी लिटरभर पाण्याला कॉर्नफ्लोअरचा १ मोठा चमचा, ताठ खळीसाठी ४. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात ओतायचं, आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखं दिसेपर्यंत ढवळत राहायचं. मग गाळायचं, आणि हे टाळायचं नाही. एक गुठळी राहिली की इस्त्रीखाली तिचा चकचकीत ठिपका होतो, आणि तो नेमका पुढे येतो. कापड बुडवून हलकेच दाबा, पिळू नका. सावलीत ओलसर राहील एवढंच वाळवा आणि तशीच इस्त्री करा. पूर्ण वाळलेल्यावर पाणी शिंपडून केलेल्या इस्त्रीला तो तजेला येत नाही. इस्त्री उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने फिरवा. तिरकी फिरवली तर चौरसाचा पतंग होतो. आणि एकाच जागी थांबली तर खळ करपून पिवळी पडते.

कुठल्या गाठीला किती खळ? ‘ओरिएंटल’ला सगळ्यात ताठ, कारण तिच्यात एकही चुणी चालत नाही. ‘मॅथेमॅटिकल’ला त्याहून कमी. तिच्यात तीनच चुण्या असतात: दोन्ही कानांखालून एकेक तिरकी गाठीपर्यंत उतरते आणि तिसरी त्या दोघींना आडवी जोडते. ब्रमेलची हनुवटीची रीत इथे सगळ्यात चांगली उपयोगी पडते. ‘मेल कोच’ला खळ अजिबात नको. डाकगाडी हाकणाऱ्यांची ही गाठ: मोठं, मऊ कापड, पुढे साधी एकच गाठ, आणि वरचं टोक तिच्यावरून धबधब्यासारखं सोडून जाकिटात खोवायचं. गाठ झाकली जाते म्हणून शिकाऊ माणसाने इथून सुरुवात करावी. तिला काश्मिरी शालही चालत असे.

आणि ‘महारट्टा’ला पातळ खळ, जेमतेम. बाकी गाठींमध्ये कापडाचा मध्य कंठावर असतो, इथे तो मानेमागे. दोन्ही टोकं पुढे आणा. कंठाच्या मधोमध उजवं टोक डाव्यावरून न्या, त्याच्या खालून फिरवा आणि परत उजवीकडेच घेऊन या. तसं केलं की डावंही आपोआप वळसा घेऊन डावीकडे परततं. साखळीच्या दोन कड्या एकमेकींत अडकल्यासारखं दिसायला हवं. टोकं अदलाबदल होऊन पलीकडे गेली असतील तर ती साधी गाठ झाली, सोडून परत करा. मग दोन्ही टोकं मागे नेऊन तिथे अडकवायची.

हिशेब करून पाहा: मागून पुढे १७, पुढून मागे १७, कडीच्या वळशाला २, मागे अडकवायला ६. एकूण ४२ इंच. म्हणजे दुसऱ्या गाठींना न पुरणारं ३६ पन्ह्याचं कापड इथे ऐसपैस पुरतं, आणि निमुळती टोकं मानेमागे लपून जातात. पुढे फक्त एक पीळ दिसतो, पांढऱ्यावर पांढरा. बंद गळ्याच्या कोटाचं वरचं बटण उघडं ठेवून त्यात ती फार देखणी दिसते. बंदगळ्याखाली काय घालायचं हा प्रश्न लग्नात नेहमी येतो, त्याला माझ्या मते एवढं चांगलं उत्तर दुसरं नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, दोन्ही हातांचा जोर सारखा नसतो आणि कडी एका बाजूला सरकते. म्हणून टोकं मागे नेण्याआधी पुढची कडी शर्टाच्या गुंडीच्या रेषेत आणून आतल्या बाजूने एक टाका किंवा बारीक सेफ्टी पिन घाला. दोन, मागे निरगाठ मारली तर कोटाच्या कॉलरखाली सुपारी येते, कॉलर मानेपासून उचलली जाते आणि सगळा कोट ढासळल्यासारखा दिसतो. गाठ मारूच नका. टोकं एकमेकांवर सपाट ठेवून सेफ्टी पिन आडवी लावा, तोंड बाहेरच्या बाजूला. बांधून झाल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. न जातील तर जेवणाच्या पंगतीपर्यंत मान आखडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला ‘अॅस्कॉट’ हा वेगळा प्राणी. रेशमी, मानेभोवतीचा भाग चुण्या शिवून अरुंद केलेला आणि पुढे ५-६ इंच रुंदीची दोन पाती. हा सकाळच्या समारंभाच्या मॉर्निंग कोटाबरोबर, उभ्या कॉलरवर बांधतात: साधी गाठ, दोन्ही पाती एकमेकांवर फुली, फुलीवर टाचणी, खालचा भाग वेस्टकोटात. करडा किंवा रुपेरी रंग सगळ्यात सुरक्षित. गंमत अशी की ज्या अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींवरून हे नाव पडलं, तिथल्या रॉयल एन्क्लोजर या राखीव भागात आज क्रॅव्हॅट चालत नाही. वेस्टकोट आणि टायच लागतो. इंग्लंडातल्या कोणाला तिथलं आमंत्रण असेल तर हे आधीच ध्यानात ठेवा, दारावर वाद घालून उपयोग नसतो.

उघड्या गळ्याच्या शर्टाच्या आत घालतात तो ‘डे क्रॅव्हॅट’ अनौपचारिक आहे, कितीही महाग असला तरी. त्याला वरचं एकच बटण उघडं ठेवावं. साध्या चमकत्या सॅटिनपेक्षा ट्विल विणीचं छापील रेशीम घ्या, सॅटिन गाठीतून निसटत राहतं. कोयरीची नक्षी यावर फार जुनी आहे आणि शोभतेही: काश्मिरी शालीवरून ती स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात गेली आणि त्या गावाच्या नावाने जगभर विकली जाऊ लागली. आपण तिला कोयरीच म्हणावं.

घोडेस्वारीचा पांढरा ‘स्टॉक’ बांधणाऱ्यांसाठी थोडक्यात: पिके (उठावदार नक्षीच्या) विणीचं सुती कापड, बिनकॉलरच्या शर्टावर. मध्य पुढे, टोकं मागे, एक टोक मागच्या चिरेतून ओवून दोन्ही पुढे, चौकोनी गाठ, मग फुली आणि साधी सोनेरी पिन आडवी. उभी लावलेली पिन पडताना गळ्यात किंवा हनुवटीत घुसू शकते. पडलेल्या स्वाराला बांधायला हेच कापड झोळी किंवा पट्टी म्हणून वापरता येतं, म्हणून ते लांब आणि बिनशिवणीचं घेणं चांगलं.

टेलकोटाबरोबरचा पांढरा बो मात्र मार्सेला पिकेचाच, वेस्टकोटही त्याच कापडाचा. गाठ म्हणजे पायजम्याच्या नाडीची सुरगाठ, वेगळं काही नाही. रुंदी चेहऱ्यापेक्षा कमी आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपेक्षा जास्त असावी, आणि बो कॉलरच्या पंखांच्या, म्हणजे बाहेर दुमडलेल्या टोकांच्या, पुढे बसावा.

जाता जाता, जुनं गळवस्त्र रोज वापरणारी माणसं बघायची असतील तर मुंबई उच्च न्यायालयाच्या बाहेर उभं राहा. वकिलांच्या गळ्यातले दोन पांढरे बँड सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या पडत्या कॉलरचे वंशज आहेत. त्यांनाही ताठ खळ लागते, आणि पावसाळ्यात ते मरगळले की सगळा काळा कोट थकलेला दिसतो.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर जपणूक. खळ घातलेलं कापड तसंच कपाटात ठेवू नका. दमट हवेत खळीवर बुरशी येते आणि कसर लागते ती खळ खायलाच. मोसम संपला की खळ धुऊन काढा, वाळवा आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा, घडी घालून नको; त्याच रेषेवर दरवर्षी घडी पडली की धागा तिथे तुटतो. लग्नात हळद लागली असेल तर साबणाने धुऊन ओलं कापड कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. रेशमाला पाणी लावू नका, थेंबाचा गोल डाग राहतो. ते ड्रायक्लीनला द्या आणि घालताना आत सुती पट्टी घ्या, म्हणजे घाम रेशमापर्यंत जात नाही. टाचणी आठवणीने काढून ठेवा. ती धाग्यांच्या मधून सावकाश शिरवलेली असेल तर भोक दोन दिवसांत बुजतं, पण दमट दिवसांत कापडातच राहिली तर भोकाभोवती गंजाचं तपकिरी कडं उमटतं. सुती कापडावरचं ते लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यावर जातं. रेशमावरचं जात नाही.